डाव्या हाताची बटणं

अप्पांनी बटण कानाशी धरलं आणि अंगठ्याने दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग डोळे मिटून तसेच उभे राहिले, आतून कुणी ओ देईल अशी वाट बघत.

"नाही," ते म्हणाले. "हे खोकतंय."

दुकानदाराने बटण परत घेऊन काउंटरवरच्या ढिगात टाकलं. लाल, पिवळी, पांढरी, निळी बटणं तिथे एकमेकांच्या अंगावर पडली होती, खेळात बाद होऊन कडेला बसलेल्या पोरांसारखी.

"उस्ताद, हे सतरावं. एक खोकतं, एक कण्हतं, मघाचं ते म्हणे तोंडातल्या तोंडात बोलतं. मी बटणं विकतो हो. दवाखाना नाही उघडलेला."

"दवाखाना असता तर एखादं बरं तरी झालं असतं. अठरावं आण."

अप्पांची लेक काउंटरला टेकून उभी होती. कानामागे पेन्सिल, खिशात मोजपट्टी, बाहीवर भुसा. ती सुतारकाम करायची. लोकांची दारं, कपाटं, पलंग करता करता या उन्हाळ्यात तिने घरच्या ओसरीत एक उभं कपाट केलं होतं, जुन्या गेम पार्लरमधल्या यंत्रासारखं. वर पडदा, खाली उतरती फळी, फळीवर दोघांना शेजारी उभं राहून खेळता येईल एवढी जागा. पडदा आणि त्यामागचा छोटा संगणक तिच्या नवऱ्याने बसवून दिला होता. कपाट आठ दिवसांत उभं राहिलं. फळीवरची बटणं आणि जॉयस्टिक तेवढी राहिली होती, आणि ती निवडण्यात दोन महिने गेले होते. या दुकानातली ही तिसरी खेप.

"अप्पा, रविवारी भिंगरी येतेय," ती म्हणाली.

"माहितेय."

"दोनच दिवस आहे ती."

"मग काय खोकणारं बटण देऊ तिच्या हाताखाली?"

दुकानदाराने नवीन डबा उघडला. अप्पांनी त्यातलं एक पांढरं बटण उचललं. माथा किंचित खोलगट होता, बोटाचं टोक बसावं इतकाच. कानाशी नेलं, तीनदा दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हळूच दुसरीकडे सरकली.

"हे बोलतं," ते म्हणाले. "स्पष्ट बोलतं. आणि बोलून झाल्यावर गप्प बसतं. बारा दे. सहा निळी, सहा लाल. खेळ सुरू करायला पांढरी दोन वेगळी."

"जय हो," दुकानदार म्हणाला.

जॉयस्टिकचं प्रकरण त्याहून लांबलं. अप्पांनी एकेक दांडा बैठकीसकट हातात धरून गोल फिरवला. एकाची स्प्रिंग इतकी मऊ की सोडल्यावर दांडा मान टाकून राहायचा. दुसऱ्याची इतकी ताठ की पोरीचं मनगट दुखलं असतं. तिसऱ्याच्या बुडाशी चौकोनी चकती होती, दांडा कोपऱ्यात जाऊन अडकल्यासारखा व्हायचा. चौथ्याची चकती अष्टकोनी. तो फिरवताना प्रत्येक कोनाला हलकासा टेका जाणवायचा, जिना उतरताना अंधारात पायरी सापडावी तसा. वर लिंबाएवढा गोळा. अप्पांनी तो लेकीच्या हातात दिला.

"बघ. आठही दिशा सापडतात की नाही?"

तिने फिरवला. तिला सापडल्या. रंध्याखालून निघालेल्या लाकडावर हात फिरवताना व्हायचा तसाच आनंद तिला झाला, आणि ती हसली.

"सापडल्या."

"मग दोन दे रे."

"उस्ताद, तुमचे कान मात्र अजून तसेच आहेत," दुकानदार पिशवी भरता भरता म्हणाला. "ताई, सांगतो तुम्हाला, मी शाळा बुडवून त्या पार्लरमध्ये पडीक असायचो. तेव्हा उस्ताद..."

"पिशवी भर आधी," अप्पा म्हणाले. "तोंड नंतर चालव."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. वसतिगृहातून भिंगरी. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"आई, आजोबांना दे! आजोबा, मी इथे सगळ्यांना सांगितलंय, की माझे आजोबा एका नाण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळायचे आणि शेवटी मालकाने हात जोडले. खरंय ना?"

अप्पांनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार पिशवीत डोकं घालून बसला होता.

"अगं, जुनी गोष्ट ती," अप्पा म्हणाले.

"रविवारी तुम्हाला हरवणार! मग मी सांगणार सगळ्यांना, की एका नाण्यात दिवसभर खेळणाऱ्याला मी हरवलं!"

"बघू," अप्पा म्हणाले. फोन परत देताना त्यांची कानशिलं लाल झाली होती. लेकीला वाटलं, कौतुकाने.

*

बुधवारी तिने नकाशा मागितला.

"कुठे काय येतं ते काढून द्या. मी भोकं पाडते."

अप्पांनी पेन्सिल घेतली. आधी डोळे मिटून बोटांनी हवेतच काहीतरी मोजलं, मग एका दमात काढलं. कुठे खोडलं नाही, कुठे थांबले नाहीत. डाव्या बाजूला सहा गोल, तीनतीनच्या दोन रांगा, रांगांना हाताच्या पंजासारखा हलका बाक. उजव्या बाजूला जॉयस्टिक. मग शेजारी पुन्हा तेच, दुसऱ्या खेळाडूसाठी. वरच्या कडेला खेळ सुरू करायची दोन बटणं. अंतरंसुद्धा लिहिली, मिलिमीटरमध्ये.

"एवढं पाठ आहे?"

"तीस वर्षं, ठकू. झोपेतून उठवून विचार."

ठकू हे तिचं लहानपणीचं नाव. आता चाळिशी उलटली होती, पण अप्पांच्या तोंडी ती अजून ठकूच होती.

तिने कागद फळीवर चिकटवला, मधोमध टोचे मारले आणि एकेक भोक पाडलं. सोळा भोकं. प्लायवूडची वर्तुळं खाली पडत गेली, आणि ओसरीभर ताज्या लाकडाचा वास पसरला. मग तिने काचपेपरने कडा घासल्या, बटणं नुसती बसवून पाहिली, लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं. सुंदर दिसत होतं. तिने फोटो काढला.

*

गुरुवारी वायरी आणायला ती एकटीच दुकानात गेली. दुकानदाराला फोटो दाखवला. सुरेख म्हणेल असं तिला वाटलं होतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ताई, घरात कुणी डावखुरं आहे का?"

"नाही. का हो?"

"जॉयस्टिक डाव्या हाताला असते. बटणं उजव्या. सगळीकडे असंच. हे तर आरशात बघितल्यासारखं झालंय."

"कसं शक्य आहे? नकाशा अप्पांनी स्वतः काढलाय."

दुकानदाराने पुन्हा फोटो पाहिला आणि एकदम हसायला लागला. इतका, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"मग बरोबर आहे! त्यांनी मागून काढलाय, ताई. यंत्राला मागे दार असायचं. ते उघडून आत डोकं घातलं, की पुढची फळी खालून दिसते. जॉयस्टिक उजवीकडे, बटणं डावीकडे. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा नकाशा आहे हा."

"पण खेळताना तरी..."

"खेळताना?" दुकानदाराचं हसू थांबलं नाही, फक्त मऊ झालं. "उस्ताद? ते कुठे खेळायचे! मालकाचा नियम होता, दुरुस्ती झाली की प्रत्येक बटण तीनदा दाबायचं, चाललं की पुढचं यंत्र. खेळायला लागला मिस्त्री, तर यंत्र अडतं. आम्ही पोरं पुढे नुसता गोंधळ घालायचो, आणि मागून उस्तादांचे पाय दिसायचे. खरं सांगू? त्यांचे पाय मी आधी ओळखायला लागलो, तोंड पुष्कळ नंतर."

लेकीने वायरींचं बंडल उगीचच उलटंपालटं केलं.

"एका नाण्यात दिवसभर," ती म्हणाली. "ते कोण खेळायचं मग?"

"होता एक. बेकरीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, तरी हाताला पीठ. मालकाने खरंच हात जोडले होते त्याला, मी बघितलंय." तो थांबला. त्याला भिंगरीचा फोन आठवला. "अरे देवा. मी बोलायला नको होतं."

"नाही, बरं झालं बोललात."

"काळजी करू नका, दोन मिनिटांचं काम आहे. फळी पालथी घाला. भोकं आरपार आहेत. खालची बाजू वर केली की आपोआप सरळ होईल. फक्त वरचा सनमायका चिकटवण्याआधी करा, एकदा तो लागला की संपलं."

तिने मान हलवली. वायरी घेतल्या. दारापाशी जाऊन परत फिरली.

"अप्पांना सांगू नका, मला कळलंय म्हणून."

"मी?" दुकानदार म्हणाला. "मी तर आज दुकानच उघडलं नाही."

*

लहानपणी तिला गोवर निघाला होता, तेव्हा अप्पा पहिल्यांदा ती गोष्ट बोलले होते. कामावरून आल्यावर कपडेही न बदलता ते तिच्या खाटेशी बसले, त्यांच्या हातांना तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास होता. आज काय झालं माहितेय, म्हणाले, आज मी एका नाण्यावर दिवसभर खेळलो. तिच्या अंगाची आग आग होत होती आणि ती हसली होती. मग रोज एक नवीन खेळ. आज मी राक्षसाला लोळवलं. आज विमानं अशी उडवली की सगळं पार्लर माझ्यामागे उभं. मागे किती लोक होते, कसे ओरडले, कोण कुणाच्या खांद्यावर चढलं, सगळं ते सांगायचे. पडद्यावर काय दिसलं ते मात्र कधी नीट सांगायचे नाहीत. हे तिच्या आज लक्षात आलं, घरी चालत येताना, आणि ती रस्त्यातच थांबली. मागचा माणूस तिला चुकवून पुढे गेला.

घरी अप्पा ओसरीत बसले होते. मांडीवर फडकं, फडक्यावर चौदा बटणं. एकेक पुसून ते ओळीत मांडत होते.

"अप्पा," ती म्हणाली, "जरा फळीसमोर उभं राहून बघा ना. उंची बरोबर आहे का तुम्हाला?"

"असेल की."

"बघा तरी."

ते उठले. यंत्रापुढे आले. क्षणभर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग एक हात त्यांनी फळीच्या कडेवर ठेवला आणि दुसरा पाठीमागे घेतला, नवख्या घरात पाहुणा उभा राहतो तसे. एका भोकात बटण ठेवून तीनदा दाबलं. शेजारच्या भोकात ठेवून तीनदा दाबलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले आणि बाजूला झाले. "ठकू, रविवारी लाईट जाणार आहेत म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जातात कधीकधी."

"गेले तर मेणबत्ती लावू."

"मेणबत्तीवर हे चालत नाही," अप्पा गंभीरपणे म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती फार चांगली खेळते का गं?"

"वसतिगृहात पहिली आहे. बोटं बघितलीत ना तिची फोनवर? दिसत नाहीत, इतकी पळतात."

अप्पा बसले आणि पुसलेलंच बटण पुन्हा पुसायला लागले.

*

शुक्रवारी सकाळी फळी बाकावर आडवी होती. शेजारी लाल सनमायक्याचा तुकडा, गोंदाचा डबा, ब्रश. लेकीने फळी उचलली आणि पालथी घातली. दुकानदार म्हणाला ते खरं होतं, जॉयस्टिकचं भोक डावीकडे आलं, बटणांची उजवीकडे. झालं सरळ.

तिने दोन्ही हात फळीवर धरले. या फळीवर भिंगरीची बोटं पळतील. शेजारी अप्पा उभे राहतील, एक हात कडेवर, एक पाठीमागे. पहिल्या मिनिटात संपेल सगळं. दुसऱ्या मिनिटात भिंगरी मान वळवून आजोबांकडे बघेल. काही बोलणार नाही ती, गुणाची आहे, नुसती बघेल.

तिने फळी पुन्हा उलटली. आता जॉयस्टिक उजवीकडे, बटणं डावीकडे. हिच्यावर तिने हवेतच खेळून पाहिलं. डावी बोटं एकमेकांत अडकली. तिने कानामागची पेन्सिल काढली, दातात धरली, परत कानामागे खोचली. फळी आणखी एकदा पालथी केली, आणखी एकदा सुलटी. ओसरीच्या दारातून अप्पा डोकावले.

"काय चाललंय? पोळी भाजतेस का?"

"बघतेय कुठली बाजू चांगली."

"दोन्हींकडून सारखीच तर आहे."

"हो ना," ती म्हणाली.

अप्पा गेले. तिने ब्रश बुडवला आणि वरच्या बाजूला गोंद लावायला सुरुवात केली, नकाशात होती त्याच बाजूला. सनमायक्यालाही लावला. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबली. मग कडेला कड लावून, श्वास रोखून, तुकडा हळूहळू खाली सोडला आणि मधून बाहेर तळहाताने दाबत गेली. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोकलं, उगीच दोन ठोके जास्तच.

*

रविवारी भिंगरी दारातून आत आली ती बॅग पायरीवर, चपला अंगणात आणि शब्द हवेत टाकत. मागून तिचे बाबा उरलेलं सामान गोळा करत आले.

"कुठंय? कुठंय? आई गं! लाल! आजोबा, लाल केलंय तुम्ही!"

तेरा वर्षांची पोर. गेल्या खेपेपेक्षा चार बोटं उंच. ती यंत्राच्या डाव्या जागी उभी राहिली, हात चोळले, आणि हात फळीवर टाकले. डावा हात जिथे पडला तिथे बटणं होती. उजवा पडला तो जॉयस्टिकवर आपटला.

"हे काय? आई! हे उलटं आहे!"

यंत्राच्या कडेला अप्पा उभे होते. त्यांचा हात कपाटाच्या अंगावर होता, तो तिथेच राहिला.

"माझी चूक," लेक म्हणाली. "फळीची बाजू चुकली. सनमायका लावल्यावर कळलं, आता निघत नाही तो."

"आई, तू? तू कधी चुकत नाहीस!"

"चुकले बाई एकदा."

अप्पांनी फळीकडे पाहिलं. ओसरीच्या भिंतीला त्यांचा नकाशा अजून टाचणीने लावलेला होता, त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी बोटं हवेत किंचित हलवली, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मग लेकीकडे पाहिलं. तिने वाकून बॅगेचा पट्टा सरळ करायला घेतला होता.

"बघता काय आजोबा, या! उलटं तर उलटं. दोघांनाही उलटंच आहे ना?"

"हो," अप्पा सावकाश म्हणाले. "दोघांनाही."

आणि ते दुसऱ्या जागी उभे राहिले.

पडद्यावर दोन मल्ल आले, एक लाल, एक निळा. घंटा झाली. भिंगरीचा लाल मल्ल शत्रूकडे पाठ करून ताडताड चालत गेला आणि भिंतीला लाथा मारायला लागला. अप्पांचा निळा मल्ल खाली बसला.

"अगं वळ! वळ ना बाई! मी उजवीकडे ओढतेय की डावीकडे?"

"मला काय विचारतेस? माझा तर उठतच नाहीये."

"तुमचा का बसलाय?"

"दमला असेल. लांबून आलाय."

भिंगरी इतकी हसली की तिच्या मल्लाने उडी मारली, आणि ती उडी बरोबर अप्पांच्या मल्लाच्या डोक्यावर पडली. पहिली फेरी तिची. दुसरी फेरी सुरू होताना दोघांची कोपरं एकमेकांवर आपटली, अप्पांचा हात सगळ्या बटणांवरून एकदम फिरला, आणि निळ्या मल्लाने असं काही गिरकी घेऊन तंगडं मारलं की लाल मल्ल पडद्याबाहेर गेला.

अप्पांच्या तोंडून आवाज निघाला. लेकीने आयुष्यात त्यांचा तसला आवाज ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातून जावई चमचा हातात घेऊन धावत आले.

"काय झालं? कुणाला लागलं?"

"मी मारलं!" अप्पा म्हणाले. "मी! हिला!"

"कसं केलंत? ते कसं केलंत आजोबा? परत करून दाखवा!"

"आता ते कसं सांगणार," अप्पा म्हणाले आणि धोतर सावरावं तशी पॅन्ट वर ओढली. "ये पुढे."

तिसरी, चौथी, पाचवी. भिंगरी शिकत होती, पण तिची बोटं मधेच जुनी वाट धरायची आणि फसायची. अप्पांच्या बोटांना जुनी वाटच नव्हती. ते सावकाश, एकेक बटण ओळखत जात होते, हे लाथेचं, हे गुद्द्याचं, हे काय करतं कुणास ठाऊक. कधी ती जिंकायची, कधी ते. ती जास्त, पण फार जास्त नाही. जावयांनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा स्वतःच स्टूल ओढून बघत बसले, मग काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून पळाले.

अकराव्या फेरीत अप्पांचं मधलं निळं बटण मुकं झालं.

"थांब," ते म्हणाले. "वायर सुटली." आणि बोलता बोलता, सवयीने, हात पॅन्टला पुसत ते यंत्राला वळसा घालून मागे निघाले.

लेक त्यांच्या आधी तिथे पोचली होती. हातात टॉर्च.

"तुम्ही कुठे निघालात?"

"वायर..."

"मी बघते. तुम्ही पुढे उभे राहा. जागा सोडू नका."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग मान हलवून परत गेले, भिंगरीच्या शेजारी.

लेकीने मागचं दार उघडलं, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. आत गरम होतं. लाकडाचा, गोंदाचा आणि तापलेल्या वायरींचा वास होता. वर, पालथ्या आभाळासारखी, फळीची खालची बाजू.

"वरची रांग, मधलं," पुढून अप्पांचा आवाज आला. "पांढरी वायर. दाबून बसव, टक्क करेल."

तिने बसवली. टक्क झालं.

"झालं का गं आई?"

"सुरू करा तुम्ही," ती म्हणाली. "मी बघते नीट बसलीय का."

डोक्यावर बटणांची बुडं खाली-वर व्हायला लागली. जॉयस्टिकचं टोक डावी-उजवीकडे डुलायला लागलं. पडदा इथून दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. नुसते आवाज आणि दोन जोड्या हातांची थरथर. एक जोडी घाईची, सगळीकडे सांडणारी. दुसरी सावकाश. इथून, मागून, फळी अगदी सरळ दिसत होती.

"भिंगरे," अप्पा म्हणाले. "एक सांगू का?"

"सांगा. पण हात थांबवू नका."

"मी त्या गोष्टी सांगायचो ना तुला. एका नाण्यात दिवसभर, ती. आणि बाकीच्याही."

"हां."

"त्या दुसऱ्यांच्या होत्या. मी कधी खेळलोच नाही. मी मागे असायचो, दुरुस्तीला."

वरची बटणं थांबली. आधी निळ्यांची बुडं, मग लालांची. जॉयस्टिकचं टोक मधोमध येऊन स्थिर झालं. टॉर्चच्या उजेडात लेकीला स्वतःचा हात दिसला, पांढऱ्या वायरीवर तसाच धरलेला.

"कधीच नाही?" भिंगरी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे आज पहिल्यांदा?"

"आज पहिल्यांदा."

"आणि मला तीनदा हरवलंत?"

बहुतेक अप्पा मनात मोजत असावेत.

"चारदा," ते म्हणाले.

"बाबा! आई! ऐकलंत का? हे आयुष्यात पहिल्यांदा खेळतायत, आणि मला चारदा हरवलं! मी तिकडे जाऊन हेच सांगणार! आजोबा, परत. आत्ताच्या आत्ता परत. उभे राहा नीट!"

वर एकदम सगळी बटणं सुरू झाली, लाल आणि निळी, कुठली कुणाची ते कळेना.

"ठकू," अप्पांचा आवाज आला, धापा टाकत, हसत. "अगं बाहेर ये की. बसली ना वायर?"

वायर केव्हाच बसली होती.

"अजून थोडा वेळ लागेल," लेक आतून म्हणाली.